हेडसेटचा माइक पुन्हा पुन्हा बंद पडतो? माइक बदलण्याआधी पिना बघा

“ताई, परत गेला.”

गेल्या जुलैत हे वाक्य एकाच माणसाकडून मी तिसऱ्यांदा ऐकलं. तरुण पायलट. जुहूहून हेलिकॉप्टर घेऊन भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जाणारा. हेडसेट त्याचा स्वतःचा, विमानाच्या ट्रेनिंगला असताना घेतलेला आणि नीट जपलेला. कानात सगळं स्वच्छ ऐकू यायचं. बोलायला गेलं की कधी आवाज जायचा, कधी खरखर व्हायची, कधी काहीच नाही. आणि पार्ल्यात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आणला की तोच माइक खणखणीत बोलायचा.

पहिल्या वेळी मी माइकचं एलिमेंट, म्हणजे आवाज पकडणारा आतला भाग, बदलून दिलं. दुसऱ्या वेळी पिन साफ करून दिली. दोन्ही वेळा तो समाधानाने गेला आणि दोन्ही वेळा दहा-बारा दिवसांत परत आला. पावसाळ्यात माझ्याकडे जे हेडसेट येतात त्यांत ही ‘येतो-जातो’ची तक्रार सगळ्यात जास्त असते, आणि बऱ्याच जणांनी तोवर नव्या माइकवर पैसे घालवलेले असतात. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

समोरच्याला काय ऐकू येतं?

“माइक चालत नाही” एवढ्यावरून काहीच कळत नाही. मी आधी विचारते, विमानतळाच्या कंट्रोल टॉवरने काय सांगितलं? विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झमध्ये एएम पद्धतीने चालतो. पीटीटीचं (पुश-टू-टॉक, बोलताना दाबायचं) बटण दाबलं की आधी नुसती लहर जाते, तिला कॅरिअर म्हणतात. तुमचा आवाज त्या लहरीवर स्वार होऊन जातो. टॉवर म्हणाला, “फक्त कॅरिअर येतोय, आवाज नाही,” तर तुमचं बटण ठीक आहे, रेडिओ ठीक आहे, आणि घोटाळा माइकपासून रेडिओपर्यंतच्या वाटेत आहे. टॉवरला काहीच पोचलं नाही तर माइकच्या मागे लागू नका. बटण, त्याची वायर किंवा रेडिओ बघा. एवढ्या एका प्रश्नाने अर्धं काम होतं, आणि पायलट मंडळी नेमकं हेच विचारायचं विसरतात.

दुसरा प्रश्न इंटरकॉमचा. शेजारच्याला तुमचं बोलणं ऐकू येतं पण रेडिओवर जात नाही, तर माइक जिवंत आहे. बऱ्याच हेलिकॉप्टरांत ते चालवायच्या दांड्यावरचं बटण दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की इंटरकॉम, पूर्ण दाबलं की रेडिओ. घाईत ते अर्ध्यावरच राहतं आणि माणूस हेडसेटला दोष देत बसतो. उलट प्रकारही होतो: रेडिओवर आवाज जातो, पण इंटरकॉमवर वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो. तिथे इंटरकॉमचा स्क्वेल्च जास्त घट्ट लावलेला असतो. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेल्याशिवाय दार उघडायचंच नाही, अशी ती रचना आहे. नॉब थोडा सैल करा, काम झालं.

मग अदलाबदल. तुमचा हेडसेट शेजारच्या सीटच्या जॅकला लावा आणि शेजारचा तुमच्या जॅकला. दोष हेडसेटबरोबर गेला तर हेडसेटचा, जागेवर राहिला तर विमानाचा. विमानाचा निघाला तर तिथे हात घालायचा नाही. पॅनेलचा जॅक आणि त्यामागची वायरिंग हा विमानाचा भाग आहे, ते काम लायसन असलेल्या एएमईचं, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या इंजिनिअरचं. तुम्ही स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहा, आणि नीट लिहा. “माइक खराब” असं लिहिलं तर बिचाऱ्याला जमिनीवर सगळं ठीकच दिसणार. “डावा जॅक, दोन वेगवेगळे हेडसेट लावून पाहिले, टॉवरला फक्त कॅरिअर, पिन हलवली की आवाज येतो” असं लिहिलं तर तो थेट जागेवर पोचेल.

माइक तोंडापासून किती लांब?

हे सांगताना मला दरवेळी संकोच वाटतो, कारण समोर हजारो तास उडालेला माणूस असू शकतो. तरी सांगते. हे माइक दोन तोंडांचे असतात, एक भोक पुढे, एक मागे. इंजिनाचा गोंगाट दोन्हीकडून सारखाच शिरतो आणि एकमेकाला मारतो. तुमचा आवाज अगदी जवळून येत असल्यामुळे पुढच्या भोकात जास्त शिरतो आणि तेवढाच वाचतो. म्हणजे माइक ओठांपासून ३ ते ६ मिलिमीटरवर हवा, ओठांच्या कडेला जवळजवळ टेकलेला. तो बोटभर लांब गेला की तुमचा आवाजही त्याला गोंगाटच वाटतो. बूम, म्हणजे माइकची दांडी, फिरवताना माइक उलटा झाला तरी तेच. पुष्कळ माइकांवर बोलायच्या बाजूला खूण असते, ती फोमखाली झाकली जाते. फोम काढा आणि एकदा बघून घ्या.

नॉइज कॅन्सलेशनची बॅटरी संपली म्हणून माइक गेला असावा, असंही बरेच जण धरून चालतात. ती बॅटरी कानांसाठी असते. माइकला वीज रेडिओकडून, माइकच्याच वायरीतून येते. बॅटरी मेली तरी बहुतेक हेडसेटमध्ये बोलणं-ऐकणं चालू राहतं.

पितळ कळकतं तसं

आता मुद्द्याचं. विमानाच्या साध्या हेडसेटला दोन पिना असतात. कानाची जाड, ६.३ मिलिमीटरची. माइकची थोडी बारीक, ५.२ मिलिमीटरची. माइकच्या पिनेवर तीन भाग: टोक पीटीटीसाठी, मधलं कडं आवाजासाठी आणि मागचा दांडा अर्थिंगसाठी. बहुतेक विमानांत पीटीटी हँडलवरच असल्यामुळे हेडसेटच्या पिनेचं टोक रिकामंच राहतं. सगळा भार त्या मधल्या कड्यावर, जेमतेम काही मिलिमीटरच्या पट्टीवर. पिन जॅकमध्ये पूर्ण गेली नाही तर जॅकमधला स्प्रिंग त्या कड्याला सोडून भलत्याच जागी टेकतो. म्हणून पहिली तपासणी अंगठ्याने: पिन शेवटपर्यंत दाबा, ‘कट्ट’ लागलं पाहिजे.

हेलिकॉप्टरला बहुधा एकच पिन असते, यू-१७४ नावाची, चार भागांची. तिच्यात कान आणि माइक दोन्ही येतात.

मुंबईत या पितळी पिनांचं काय होतं ते ज्यांच्या घरी अजून पितळेची भांडी आहेत त्यांना सांगायला नको. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं की कसं हिरवं चढतं, तसंच इथे होतं, फक्त आंबटाच्या जागी खारं. जुहूचा विमानतळ १९२८ पासून समुद्राच्या कुशीत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा समुद्रावरून येतो आणि सोबत मीठ आणतो. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि पिनेवर एक अदृश्य ओलसर थर बसतो. आठवड्याभरात चकाकी जाते, महिन्याभरात कड्याभोवती तपकिरी छटा येते, आणि प्लास्टिकच्या वेढ्याला लागून हिरवट रेघ उमटू लागते. नुसत्या डोळ्यांना ती सहसा दिसत नाही. घड्याळजीचं भिंग लावा आणि पिन खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवा.

या थराने माइकच का बिघडतो आणि कान का नाही? इथे थोडं मागे जावं लागेल. जुन्या विमानांत कार्बनचे माइक असत. आत कोळशाचे बारीक दाणे, आवाजाने ते दाबले जात, त्यांचा रोध कमी-जास्त होई, आणि रेडिओकडून येणारा वीजप्रवाह त्याप्रमाणे हले. आजचे माइक इलेक्ट्रेट जातीचे, पण ते जुन्या रेडिओंना चालावेत म्हणून पुरवठ्याची तीच पद्धत राहिली. रेडिओ एका रेझिस्टरमधून ८ ते १६ व्होल्ट माइकच्या वायरीवर सोडतो आणि आवाज त्याच वायरीने परत येतो. आता त्या वाटेत कळकलेली पिन आली. हेलिकॉप्टर थरथरतंय, पिनेचा स्पर्श क्षणोक्षणी बदलतोय, रोध कमी-जास्त होतोय. म्हणजे ती घाण स्वतःच एक कार्बन माइक होऊन बसते आणि पात्यांची थरथर बोलून दाखवते! वर हा सगळा खरखराट पुढे अनेकपटींनी वाढवला जातो. कानाच्या स्पीकरचा रोध शेकडो ओहमचा, त्यात चार-पाच ओहम वाढले तर कुणाला कळणार?

आणि माझ्या टेबलावर काहीच थरथरत नव्हतं.

डब्यावरची परीक्षा

लॅमिंग्टन रोडवर ग्रँट रोड स्टेशनच्या बाजूने शिरलात की पहिल्या दहा दुकानांत या तपासणीच्या डब्याचं सगळं सामान मिळतं: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. विमानाचे जॅक मात्र तिथे मिळतीलच असं नाही. नाही मिळाले तर मगरीच्या चिमट्यांनी थेट पिनेला धरा. बॅटरीचा धन टोक रेझिस्टरमधून मधल्या कड्याला, ऋण टोक मागच्या दांड्याला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि कडं व दांडा यांच्यामध्ये लावा.

पूर्ण ९ व्होल्ट दिसले तर वाट कुठेतरी तुटलीय, माइकपर्यंत वीज पोचतच नाही. शून्य दिसलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. मधला कुठलाही आकडा दिसला आणि स्थिर राहिला तर माइक वीज घेतोय, जिवंत आहे. मग कड्यावरून कपॅसिटर लावून कॉम्प्युटरचे जुने स्पीकर जोडा आणि बोलून ऐका. खरी परीक्षा यानंतर. मीटरवर नजर ठेवून वायर तसूतसूने वाकवत जा: पिनेची मान, वायर कानाच्या कपात शिरते ती जागा, बूमचा सांधा. आकडा जिथे उडी मारेल तिथे दोष. पिनेच्या मानेपाशी तुटलेली वायर फार वेळा सापडते, कारण लोक पिन धरून ओढण्याऐवजी वायर धरून ओढतात.

तिसऱ्या वेळी काय सापडलं

तिसऱ्या वेळी फोनवरच मी त्याला म्हटलं, “हेडसेट जसा आहे तसाच घेऊन या. काहीही काढू नका, काहीही पुसू नका, पिशवीत गुंडाळूही नका.”

तो आला आणि त्याने हातात ठेवलं ते मी आधी दोनदा पाहिलंच नव्हतं. हेडसेट विमानाचा, म्हणजे दोन पिनांचा. हेलिकॉप्टरचा जॅक एका पिनेचा. मध्ये हातभर लांबीचा अ‍ॅडॉप्टर. आधीच्या दोन्ही वेळा तो अ‍ॅडॉप्टर काढून, बॅगेत ठेवून, फक्त हेडसेट माझ्याकडे देत होता. त्याला वाटलं बिघाड माइकचा आहे, वायर दाखवून काय करायचं. आणि मीही विचारलं नाही. ही माझी चूक.

अ‍ॅडॉप्टरसकट मी त्याची यू-१७४ डब्याला लावली. मीटर ३.८ वर आला. टेबलावर बोटांनी टकटक केलं तर ३.८, ५.१, ४.४, ८.९ असा नाचायला लागला. हेडसेटची वायर वाकवली, काही नाही. यू-१७४ फिरवली, काही नाही. माइकची पिन अ‍ॅडॉप्टरमध्ये जिथे शिरली होती तिथे नुसतं बोट टेकवलं आणि आकडा थेट ९ वर गेला.

पिन बाहेर ओढली. कडं बाभळीच्या शेंगेसारखं काळपट तपकिरी, आणि त्याच्यावर एक लखलखीत बारीक ओरखडा, आत्ता ओढताना स्प्रिंगने काढलेला. सगळा उलगडा त्या ओरखड्यात होता. हेलिकॉप्टरकडची पिन तो दर उड्डाणाला काढत-घालत होता, म्हणून ती घासून घासून स्वच्छ राहत होती. अ‍ॅडॉप्टरमधली पिन एरवी तिथेच रुतून बसलेली, आत खारी हवा घेऊन. माझ्याकडे यायच्या आधी तो ती काढायचा, तेव्हा ती घासली जायची. परत लावायचा, तेव्हा पुन्हा घासली जायची. तेवढ्या घासण्यावर आठ-दहा दिवस निघायचे. मी काय बदललं, काय पुसलं याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

म्हणून “काढून परत लावलं की चालतं” असं कुणी म्हटलं की मी आता माइकला हातच लावत नाही. तो दुरुस्त झाल्याचा पुरावा नाही, पिन कळकल्याचं लक्षण आहे.

साफ कशी करायची

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे छोटी बाटली मिळते. ९९ टक्क्यांचं घ्या, कमी टक्क्यांच्यात पाणी असतं. धागे न सुटणारं मऊ फडकं, चष्मा पुसायचं चालतं. पिन गोल फिरवत पुसा, काळं यायचं थांबेपर्यंत. कड्याच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या खाचा बारीक काडीला कापूस लावून पुसा, मीठ तिथे लपतं. अ‍ॅडॉप्टरच्या जॅकमध्ये अल्कोहोलने ओली केलेली पिन घालून आठ-दहा वेळा फिरवा, बाहेर काढून पुसा, पुन्हा घाला. पूर्ण वाळल्याशिवाय वीज लावायची नाही. अल्कोहोल पेट घेतं.

पॉलिशपेपर वापरू नका, मुलामा निघाला की पुढचा गंज दुप्पट वेगाने चढतो. सायकलच्या चेनला मारतात तसला तेलकट स्प्रे तर अजिबात नको. त्या दिवशी छान चालतं, नंतर तेलावर धूळ बसून लगदा होतो. असे लगदा झालेले जॅक मी टाचणीने कोरलेत.

पावसाळ्यात दर आठवड्याला पुसा, एरवी महिन्याला एकदा पुरे. अ‍ॅडॉप्टर असेल तर तोही प्रत्येक वेळी काढून. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते काका संध्याकाळी दुकान बंद करताना सगळ्या पिना कोरड्या फडक्याने पुसून ठेवायचे, देवाची उपकरणी पुसावीत तशा. तेव्हा मला ती वेळखाऊ सवय वाटायची.

पिन स्वच्छ, वायर धड, तरी आवाज दबका

मग फोम बघा. थुंकी, घाम आणि दमट हवा त्यात मुरते, फोम जड होतो आणि भोकं बुजतात. काही महिन्यांनी तो चिकट होऊन तुटायलाही लागतो. फोम काढून बोलून बघा. आवाज मोकळा झाला तर नवा फोम घाला, स्वस्त असतो. एलिमेंट ओलं झालं असेल तर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात हेडसेट दोन दिवस ठेवा. केस वाळवायचं यंत्र लावून मेंब्रेन वितळवलेले दोन माइक माझ्याकडे आले, त्यांचं काही करता आलं नाही. ओला रेनकोट आणि हेडसेट एकाच बॅगेत कोंबणंही थांबवा.

सेकंडहँड घेताना एक जपा. ऑनलाइन अमेरिकन लष्करातले जुने हेडसेट स्वस्तात दिसतात, दिसायलाही अगदी तसेच. त्यांतले बरेच माइक ५ ओहमचे डायनॅमिक असतात, त्यांवर एम-८७ असा शिक्का असतो. आपल्या नागरी रेडिओला १५० ओहमच्या हिशेबाचा, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला माइक हवा. लष्करी माइक तिथे कुजबुजल्यासारखा बोलतो. तो बिघडलेला नसतो, चुकीच्या घरी आलेला असतो.

आणि हे हवेत झालं तर? आधी पिन पूर्ण आत दाबा आणि अर्धा वळसा फिरवा, कळकलेल्या पिनेला तेवढ्याने दहा मिनिटं मिळतात. मग शेजारचा हेडसेट किंवा हातातला माइक. रेडिओवर ट्रान्समिटची खूण सतत पेटलेली दिसली तर बटण अडकलंय, आणि तुम्ही अख्खी फ्रिक्वेन्सी अडवून बसला आहात. एएमवर दोघे एकदम बोलले की बाकीच्यांना नुसती शिट्टी ऐकू येते. माइकची पिन उपसून काढा, तरी खूण राहिली तर रेडिओ बंद करा. काहीच जमलं नाही तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर) ७६००, म्हणजे ‘रेडिओ बिघडला’चा आकडा, लावा आणि टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा: स्थिर हिरवा म्हणजे उतरायला मोकळीक, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. तुमचा आवाज जात नसला तरी कानात ऐकू येत असेल आणि कॅरिअर जात असेल, तर कंट्रोलर “ऐकू येत असेल तर बटण दोनदा दाबा” म्हणून विचारू शकतो. म्हणून माइक गेला तरी हेडसेट काढून फेकू नका.

त्या पायलटचा पावसाळा नीट गेला. ऑगस्टमध्ये एकदा तो फक्त फोम न्यायला आला, तेव्हा पहिल्या खेपेला मी काढून ठेवलेलं जुनं एलिमेंट ड्रॉवरमधून शोधून डब्यावर लावलं. ठणठणीत होतं. नव्याचे पैसे त्याला परत केले आणि जुनं पुडीत बांधून दिलं, स्पेअर म्हणून राहू दे म्हटलं.